आपल्या गावाचे देशाटन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा मनःपूर्वक ऋणी आहे. स्मृतिव्याख्यान म्हटले की वक्त्याने एखादा गहन वाङ्मयीन विषय घ्यावा असा प्रघात आहे. मी आज तो थोडा बाजूला ठेवणार आहे. एका शिक्षकाच्या स्मृतीला शाळेच्या उपयोगी पडेल असे काही अर्पण करावे, या विचाराने मी एका सहलीचा आराखडा आपल्यापुढे ठेवतो. ती सहल तीन दिवसांची आहे आणि ती याच बुऱ्हाणपुरात, या जिल्ह्याच्या सीमेच्या आत काढावयाची आहे.

आपल्यापैकी काहींना हे चमत्कारिक वाटेल. सहल म्हणजे दूर जाणे, अशी आपली समजूत आहे. शाळांच्या बसगाड्या हिवाळ्यात निघतात त्या मोठ्या शहरांकडे, समुद्राकडे किंवा अलीकडे पाण्याच्या घसरगुंड्यांच्या उद्यानांकडे. त्यात मुलांना आनंद मिळतो हे खरेच आहे. परंतु मराठी भाषेच्या उगमाकडे पाहिले तर प्रवासाचा एक निराळा अर्थ आपल्याला सापडतो. महानुभाव पंथातील ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ आपण आठवावा. श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, चालले, त्या त्या स्थानांची ती नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोठे, वाट कोणीकडून, असा बारीक तपशील तीत येतो. श्रद्धेपोटी लिहिलेला असला तरी तो डोळे उघडे ठेवून लिहिलेला ग्रंथ आहे. ‘तीर्थावळी’च्या अभंगांपासून विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पर्यंत हा धागा चालत आलेला आहे. जागा पाहावी, ती नीट नोंदवावी आणि तेथील माणसांशी बोलावे, हे देशाटन होय. त्यासाठी अंतर लागतेच असे नाही.

विषयाची योग्यता

मग बुऱ्हाणपूरच का? जुन्या मराठी कागदपत्रांत या गावाचे नाव ‘बऱ्हाणपूर’ असे येते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नासिरखान फारुकीने तापीच्या उत्तर तीरावर हे नगर वसविले आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. पैलतीरावरील जैनाबादला त्यांच्या शिष्याचे, जैनुद्दीन शिराझी यांचे नाव मिळाले. हे दोघेही संत चिरविश्रांती घेत आहेत ते महाराष्ट्रातील खुलताबाद येथे. बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्येच निवर्तले होते; आपल्या नावाचे गाव त्यांनी पाहिलेही नाही. म्हणजे गावाच्या नावातच एक प्रवास आहे, आणि तो सातपुड्याकडून दक्षिणेकडे जातो.

दोन शतके खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि हे मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे झाले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर ते मराठ्यांकडे आले. त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेला निघाली ती याच वाटेने. पुढे शिंद्यांचा अंमल, १८६० पासून इंग्रजी अंमल, १९५६ नंतरचे मध्यप्रदेश राज्य आणि २००३ मध्ये स्वतंत्र जिल्हा. एवढ्या घडामोडींमुळे येथे मराठी, निमाडी, हिंदी, उर्दू, गुजराती, सिंधी, कोरकू, बारेली अशा भाषा एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत. एखाद्या मोठ्या देशात शोधावे लागेल इतके वैविध्य येथे चालत जाण्याच्या अंतरात आहे. आणि तरीही एका मोहल्ल्यातील मुलाने दुसऱ्या मोहल्ल्यातील प्रार्थनास्थळाची पायरी कधी चढलेली नसते. माझ्या या आराखड्यामागची खरी तळमळ ती आहे.

पहिला दिवस : पाणी

सहलीचा आरंभ नदीपासून करावा. मुलताईला उगम पावून सुरतेजवळ समुद्राला मिळणारी ७२४ किलोमीटरांची तापी राजघाटावर पहाटे पाहावी. पात्रातील दगडी हत्ती पाहावा. पावसाळ्यात पाणी कोठवर चढते हे त्या हत्तीकडे बोट दाखवून सांगणारी माणसे घाटावर भेटतात. मुलांनी त्यांच्याकडून पुराच्या आठवणी लिहून घ्याव्यात. पलीकडे जैनाबादला आहुखाना, म्हणजे मोगल राजघराण्याचे मृगवन. १६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहलचे बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात निधन झाले. तिचा देह प्रथम येथे ठेवला गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आग्र्याला नेण्यात आला. ताजमहाल पाहणाऱ्या लक्षावधी लोकांना ही जागा ठाऊक नसते. मुलांना येथे आणखी एक गोष्ट सांगावी : १६३० ते १६३२ ही गुजरात आणि दख्खनमधील भीषण दुष्काळाची वर्षे होती. राणीच्या मृत्यूची हकीकत सगळे सांगतात. त्याच काळात अन्नान्न करून मेलेल्यांची कबर कोठेही नाही. इतिहास कोणाचा लिहिला जातो हा प्रश्न मुलांच्या मनात येथे उभा राहिला तर सहलीचा अर्धा खर्च वसूल झाला असे समजावे.

तेथून लालबागकडे, कुंडी भंडाऱ्याला जावे. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत, १६१५ मध्ये, इराणी पद्धतीने ही योजना आकाराला आली. तिची युक्ती फळ्यावर आकृती काढून मुलांना आधीच समजावून द्यावी. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पावसाचे पाणी जमिनीखालून नदीकडे झिरपत असते. त्याच्या वाटेत ओळीने कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी खणल्या. त्या तळाशी एका बोगद्याने जोडल्या आणि बोगद्याला अगदी बेताचा उतार दिला. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी आपल्या वजनाने शहराकडे चालत येते. शंभराहून अधिक कुंड्यांची ही मालिका आहे. उघड्या पाटातील पाणी उन्हाने आटते आणि शत्रूला ते अडविता येते. जमिनीखालच्या पाण्याला हे दोन्ही धोके नव्हते, म्हणून लष्करी ठाण्याला ही पद्धत सोयीची ठरली.

ज्या वर्षी हे काम झाले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो येथे शाहजादा परवेझच्या भेटीला आला होता. राजवाडा आणि थोडी घरे वगळता गाव मातीच्या झोपड्यांचे असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्याला जमिनीवरचे गाव दिसले. जमिनीखाली काय घडले होते ते त्याला दिसले नाही. परक्या प्रवाशाच्या नोंदी कशा वाचाव्यात याचा हा एक चांगला पाठ आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव दाखल झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बोगद्यात चुन्याची पुटे चढत आहेत आणि ज्या उतारावर पाणी मुरावयाचे तेथील झाडी विरळ होत आहे. मुलांना हे दोन्ही एकाच वेळी सांगितले पाहिजे. यादीत नाव आल्याने पाणी मुरत नाही; ते झाडांनी आणि मोकळ्या जमिनीने मुरते.

दुसरा दिवस : मोहल्ले, माग आणि देवघरे

दुसऱ्या दिवशी गाडी नको. सगळे पायी. प्रथम गांधी चौकातील जामा मशीद. राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकीने बांधलेल्या या मशिदीत अरबी शिलालेखासोबत एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात निर्गुण, सर्वव्यापी सृष्टिकर्त्याला वंदन आहे, फारुकी राजांची वंशावळ आहे आणि बांधकामाचा काल विक्रम संवत, शालिवाहन शक आणि हिजरी सन अशा तीनही गणनांत, तिथी-नक्षत्रांसह दिला आहे. शके १५११ चा पौष, म्हणजे इसवी सन १५९० चा जानेवारी. असीरगडावरील मशिदीतही असाच संस्कृत लेख आहे. मशिदीत देवनागरी अक्षरे पाहून मुलांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते, त्याला शब्दांची जोड देण्याची घाई मार्गदर्शकाने करू नये. त्यांना ती अक्षरे लावू द्यावीत.

याच सुमारास, १५९० मध्ये, या गावातील मुहम्मद इब्न फजलुल्लाह या सूफी विद्वानाने अरबीत एक लहानसा ग्रंथ लिहिला. ‘तुहफा’ या नावाने ओळखला जाणारा तो ग्रंथ समुद्र ओलांडून सुमात्रा आणि जावा बेटांवर पोहोचला, तेथील आध्यात्मिक चिंतनावर त्याचा खोल परिणाम झाला आणि जावानी भाषेत त्याचे पद्यरूपांतरही झाले. आपल्या गावच्या एका लेखकाला इंडोनेशियात वाचक मिळाले होते, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? त्याच्याही आधी, १५०६ मध्ये निवर्तलेल्या शाह बहाउद्दीन बाजन यांनी येथे लोकभाषेत रचना केली. उर्दूच्या पूर्वरूपाचा अभ्यास त्यांच्या नावावाचून पुरा होत नाही. मराठीच्या विद्यार्थ्यानेही हे लक्षात ठेवावे, कारण दख्खनी आणि मराठी या एकाच अंगणात वाढलेल्या भाषा आहेत.

पुढचे टप्पे मी केवळ सांगतो. लोधीपुऱ्यात दाऊदी बोहरा समाजाचा दर्गाह-ए-हकीमी, जेथील स्वच्छता आणि शिस्त हाच एक धडा आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडकडे जाताना येथे थांबले होते, त्यांच्या स्मृतीचा बडी संगत गुरुद्वारा. कबीरपंथाच्या पारख परंपरेतील पूरणसाहेबांनी बीजकावर टीका लिहिली, त्यांचे नागझिरीचे स्थान. स्वामिनारायण मंदिर. सिंधमधून सोळाव्या शतकात आलेल्या विणकरांची आणि संतांची वस्ती असलेला सिंधीपुरा. १९४७ नंतर आलेले सिंधी बांधव हे त्याच नावाचे दुसरे आगमन.

दुपारचे दोन तास मागासाठी राखून ठेवावेत. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये या गावातून गेला. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते असे त्याने लिहिले. आज हातमागाच्या जागी यंत्रमागांचा खडखडाट आहे आणि लालबागची ताप्ती मिल शांत आहे. ताणा कसा भरतात, बाणा कसा फिरतो, धागा तुटला की कारागीर आवाजावरून कसे ओळखतो, हे त्या कारागिरानेच सांगावे. शिक्षकाने मध्ये बोलू नये. आणि त्याच्या बुडालेल्या दोन तासांची मजुरी सहलीच्या खर्चात धरावी. ज्याच्या कामाचे आपण कौतुक करतो त्याचे काम फुकटात थांबवणे शोभत नाही. शेवटी मावा जिलेबी किंवा तुपात घोटलेला दराबा. संस्कृती जिभेवाटेही आत जाते, हे मुलांना सांगावे लागत नाही.

तिसरा दिवस : गड आणि रान

तिसऱ्या दिवशी असीरगड. शहरापासून वीसेक किलोमीटरांवर, नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधल्या वाटेवर तो उभा आहे. म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. पायथ्यापासून मलयगड, कमरगड आणि असीरगड अशा तीन तटबंद्या चढताना भूगोल आणि इतिहास यांचे नाते पायांना कळते. १८१९ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या किल्लेदाराकडून हा गड घेतला. वरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा आजही पूजेला येतो अशी लोकश्रद्धा आहे. ती जरूर सांगावी, पण लोकश्रद्धा म्हणून सांगावी.

उतरताना रान पाहावे. सहल माघ-फाल्गुनात काढली तर पळस फुललेला असतो. सालईची कागदासारखी सुटणारी साल, अंजनाची जोडपाने, धावडा, साग, मोह, तेंदू यांची ओळख झाडाला हात लावून करून द्यावी. या सालईच्या आणि बांबूच्या बळावर नेपानगरचा कारखाना उभा राहिला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. वृत्तपत्राचा कागद तयार करणारा तो देशातील पहिला कारखाना. आपल्या आजोबांनी वाचलेली वर्तमानपत्रे या डोंगरातून निघाली असण्याचा संभव आहे, असे सांगितले की मुले त्या झाडाकडे पुन्हा एकदा पाहतात. आणि त्याच नेपानगर भागात २०२२-२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर जंगलतोड झाली, हेही त्यांनी ऐकावे.

कोरकू किंवा बारेला वस्तीवर जाणे असेल तर एक पथ्य कडक पाळावे. तेथे पाहावयास जाऊ नये, शिकावयास जावे. वस्तीतील जाणत्या माणसाला अगोदर भेटून परवानगी घ्यावी. छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. प्रत्येक मुलाने दहा झाडांची कोरकू किंवा बारेली नावे शिकून यावे आणि वहीत मराठी नावांच्या शेजारी लिहावीत. तीन दिवसांच्या सहलीतून शाळेला असा एक छोटा कोश मिळाला, तर पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्यात भर घालावी. परतीच्या वाटेवर केळीच्या बागेत थांबावे. जळगाव-रावेरपासून येथपर्यंत हा एकच केळीपट्टा आहे. राज्याची सीमा बागेला ठाऊक नाही.

मार्गदर्शक कसा असावा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सहल स्थळांवर उभी राहत नाही, ती सांगणाऱ्यावर उभी राहते. मार्गदर्शकाने आपल्या बोलण्याचे तीन कप्पे करावेत : हे आपण डोळ्यांनी पाहतो आहोत, हे कोणीतरी लिहून ठेवलेले आहे आणि हे लोक सांगतात. कुंडी भंडाऱ्याला पुष्कळ लोक ‘खूनी भंडारा’ म्हणतात आणि त्यावरून रक्ताच्या कहाण्या सांगतात. ताजमहाल येथेच बांधावयाचा होता, पण मातीत वाळवी निघाली, असेही सांगतात. या कथा गोड आहेत. त्या तिसऱ्या कप्प्यात ठेवल्या की त्यांची गोडी कमी होत नाही आणि खोटेपणाही होत नाही. मुलांना हे कप्पे एकदा सापडले, की ती वर्तमानपत्र आणि मोबाईलवरचा मजकूरही त्याच चाळणीतून गाळू लागतील.

याची खरी कसोटी अवघड प्रसंगी लागते. १६८१ च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने बुऱ्हाणपूरच्या बहादुरपुऱ्यावर छापा घातला आणि अपार लूट नेली. मराठी पाठ्यपुस्तकात हा पराक्रम आहे, आणि मोगली सत्तेच्या भरलेल्या तिजोरीवर अचूक घाव घालणारी ती मोहीम होतीच. परंतु ज्या वर्गात त्या पेठांतील मुले बसलेली आहेत, तेथे हे कसे सांगावे? माझे मत असे, की दोन्ही सांगावे. मोहिमेची आखणी आणि धाडसही सांगावे, आणि घरदार सोडून पळणाऱ्या नागरिकांची दैनाही सांगावी. त्या वर्षाअखेर औरंगजेब स्वतः येथे आला आणि पंचवीस वर्षांच्या दख्खन-युद्धाला तोंड फुटले, हेही सांगावे. यात कोणाच्या आदराला बाध येत नाही. राजाचा अभिमान बाळगणारे मूल शेजारच्या बाकावरील मित्राचे दुःखही समजू शकते, एवढा विश्वास शिक्षकाने बाळगला पाहिजे. तो नसेल तर सहल न काढणे बरे.

पालकांच्या शंका मला ठाऊक आहेत. दुसऱ्यांच्या देवघरात आमच्या मुलांना कशाला नेता, असे काही विचारतील. त्यांना आधी सभेला बोलवावे. प्रार्थनेत भाग घेणे नाही, प्रसादाची सक्ती नाही, नमाजाच्या आणि आरतीच्या वेळा टाळल्या जातील, हे स्पष्ट करावे. त्याहून उत्तम म्हणजे दोन-चार पालकांनाच बरोबर घ्यावे. तीसपेक्षा अधिक मुले एका तुकडीत नसावीत. एका बाकावरची जोडी निरनिराळ्या मोहल्ल्यांतील असावी, आणि प्रत्येक मुलाने आपल्या मोहल्ल्यात पोहोचल्यावर आपल्या जोडीदाराचा वाटाड्या व्हावे. माझ्या आराखड्यात याहून मोठे काही नाही. विणकराचा मुलगा केळीवाल्याच्या मुलीला माग दाखवील, आणि तिसऱ्या दिवशी ती त्याला घड कसा उतरवतात ते दाखवील.

मित्रहो, राजांची राजधानी, बादशहांची छावणी, व्यापाऱ्यांची पेठ अशी या गावाची अनेक रूपे होऊन गेली. ती सारी बाहेरून आलेल्यांनी घडविली आणि येथे राहिलेल्यांनी सांभाळली. आता ती सांभाळण्याची पाळी या सभागृहात बसलेल्या मुलांची आहे. ज्याची ओळखच नाही ते कोणी सांभाळीत नाही. गुरुजींच्या नावाने दर वर्षी एक व्याख्यान होते. त्याबरोबर दर वर्षी अशी एक सहल निघावी आणि मुलांच्या वह्यांतील नोंदी याच पुस्तिकेच्या पुढच्या अंकात छापल्या जाव्यात, अशी माझी संस्थेला नम्र विनंती आहे.